भावनगर, बोर्डी आणि आमचे अंगण

गुजरात राज्यातील अंगणवाडीत दोन स्त्रिया काम करतात. एकीस ‘कार्यकर’ म्हणतात आणि दुसरीस ‘तेडागर’. महाराष्ट्रात या दुसरीचे सरकारी नाव ‘मदतनीस’ असे आहे, आणि त्या नावात मदतीपलीकडे काही सांगितलेले नाही. ‘तेडागर’ हा शब्द मात्र बोलका आहे. गुजरातीत ‘तेडवुं’ म्हणजे मुलाला कडेवर घेणे, आणि ‘तेडुं’ म्हणजे बोलावणे, आमंत्रण. सकाळी घरोघर जाऊन मुलांना बोलावून, जमले तर कडेवर घेऊन आणणारी ती तेडागर. राज्य सरकारच्या पंचायत खात्यातील नोकरीत हा शब्द आम्ही किती कागदांवर लिहिला असेल याची गणती नाही. शेऱ्याचा नमुना ठरलेला होता: ‘तेडागर हजर’, ‘तेडागर गैरहजर’, ‘तेडागरची जागा रिक्त’. मुलाला शाळेत पाठवण्याऐवजी शाळेनेच मुलाला आणायला जावे, ही कल्पना कोणाच्या डोक्यात प्रथम आली, असा प्रश्न त्या तीसएक वर्षांत आम्हांस एकदाही पडला नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली, जुनी पुस्तके चाळली, तेव्हा ध्यानात आले की या कल्पनेचा जन्म आमच्या कार्यक्षेत्राच्या अगदी शिवेवर झाला होता आणि तिचे पितृत्व गुजराती व मातृत्व मराठी होते. सुरतेच्या जुन्या मराठी कुटुंबांस ही हकीकत ठाऊक असावी, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

हकीकत सुरतेपासून सुरू करता येते, आणि हे आम्ही केवळ गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४० च्या दशकात सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत अध्यापक होते. त्यांचे येथील स्नेही म्हणजे दुर्गाराम मेहताजी. ‘मेहताजी’ म्हणजे आपल्याकडील पंतोजी. दोघांचाही पेशा शिक्षकाचा. या दोघांनी व त्यांच्या मित्रांनी २२ जून १८४४ रोजी सुरतेत ‘मानवधर्म सभा’ स्थापिली. जातिभेद, भुताखेतांची भीती, विधवांची दैना या विषयांवर तेथे उघड चर्चा होई. सभा फार वर्षे चालली नाही. परंतु दादोबा मुंबईस परतल्यावर १८४९ च्या सुमारास परमहंस मंडळी निघाली आणि १८६७ साली त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उभा राहिला. त्या प्रार्थना समाजाच्या वातावरणात, सदाशिवराव केळकर यांच्या घरी, १९ एप्रिल १८९२ रोजी एक मुलगी जन्मली. तीच पुढे ताराबाई मोडक झाली. सुरतेच्या एका मावळलेल्या सभेचा धागा असा दोन पिढ्यांनी गुजरातेतच, भावनगरास, परत आला. इतिहासात असे धागे फार ताणू नयेत हे आम्ही जाणतो. पण हा धागा तुटण्याइतका कच्चाही वाटत नाही.

दुर्गारामांच्या काळी लहान मुलाचे शिक्षण म्हणजे काय होते? गावठी शाळेत मुलगा सहा-सात वर्षांचा झाला की त्यास पाटीवर धूळ पसरून अक्षरे गिरवावयास बसवीत. आपल्याकडील ‘धुळाक्षरे’ हा शब्द त्याचीच आठवण आहे. मग आंक, म्हणजे पाढे. त्यांत पावकी, निमकी, दीडकी आणि सोबत छडी. त्या वयाच्या आतील मुलास काही शिकवावयाचे असते ही कल्पनाच नव्हती, आणि एका परीने ते बरेच होते. मूल आजीपाशी असे. ओव्या, कहाण्या, चिंचोके, सागरगोटे हीच त्याची शाळा. आज आपण ‘बालशिक्षण’ म्हणतो त्यातील पुष्कळसे त्या ओसरीवर आपोआप होत असे. मुलींना तेवढेच मिळे आणि तेथेच संपे, हा त्या ओसरीचा काळा भाग. तोही विसरू नये.

युरोपात ओसरी आधी मोडली, म्हणून बालशाळा आधी निघाली. स्कॉटलंडातील न्यू लॅनार्क हे सूतगिरण्यांचे गाव. तेथील गिरणीमालक रॉबर्ट ओवेन यांनी १८१६ साली कामगारांच्या लहानग्यांसाठी शाळा उघडली. आई-बाप गिरणीत असताना मुलांनी नाचावे, गावे, बाहेर फिरावे. पुस्तकांचा जाच त्यांना होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे खेळातून शिकवण्याची संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. आज आपल्या गल्लीबोळांतून ज्यास ‘केजी’ म्हणतात ते हेच. नावातील बाग मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसते. या निरुपद्रवी बागेची प्रशियाच्या सरकारास इतकी धास्ती वाटली की १८५१ साली त्यांनी किंडरगार्टनवर बंदी घातली. ती उठली १८६० मध्ये. फ्रोबेल तोवर निवर्तले होते. रोममध्ये ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसोरी यांनी सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले ‘बालगृह’ उघडले, त्यामागेही एक फार व्यवहारी कारण होते. कामगारांसाठी इमारती बांधणाऱ्या मंडळींना, आई-बाप कामावर गेल्यावर मोकाट मुले जिने व भिंती खराब करतात, ही चिंता होती. मुलांना कोठेतरी बसवा, एवढेच त्यांचे म्हणणे. डॉक्टरीणबाईंनी त्या संधीचे सोने केले. सुरतेसारख्या मागांच्या शहरात राहणाऱ्यास ही कथा परकी वाटू नये. लिंबायत, उधना, पांडेसरा येथे यंत्रमागांच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलांचा प्रश्न न्यू लॅनार्कच्या प्रश्नाचाच भाऊ आहे.

आता भावनगर. गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई, हे पेशाने वकील. जन्म १५ नोव्हेंबर १८८५, सौराष्ट्रातील चितळ गावी. तरुणपणी काही काळ पूर्व आफ्रिकेत जाऊन आले, मग वढवाण कँपास वकिली केली. १९१३ साली मुलगा झाला, आणि आपण ज्या शाळेत मार खाल्ला त्याच तऱ्हेच्या शाळेत यास घालावयाचे काय, हा प्रश्न त्यांना पडला. वसोचे मोतीभाई अमीन, जे सयाजीरावांच्या बडोदे संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे मोठे कार्यकर्ते होते, त्यांच्याकडून माँटेसोरी पद्धतीचे पुस्तक गिजुभाईंच्या हाती आले. १९१६ साली वकिली सोडून ते नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवनात दाखल झाले आणि १९२० साली तेथे बालमंदिर निघाले. भावनगरातील टेकडीवरच्या त्याच्या वास्तूचे उद्घाटन १९२२ साली कस्तुरबांच्या हस्ते झाले. गुजरातेत आजही जुनी माणसे बालवाडीस ‘बालमंदिर’ म्हणतात, ते या टेकडीमुळे. मिशा असलेल्या या वकिलास लोकांनी ‘मूछाळी मा’, मिशाळ आई, असे नाव दिले. मुलांसाठी व पालकांसाठी त्यांनी लिहिलेल्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या दोनशेच्या वर जाते. त्यातील ‘दिवास्वप्न’ हे एका काल्पनिक शिक्षकाच्या प्रयोगांचे पुस्तक मराठी वाचकांसही परिचित आहे. १९३० च्या सत्याग्रहात ते निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन राहिले. त्या वर्षी सुरतेस भरलेल्या वानर परिषदेशीही त्यांचे नाव जोडलेले आहे.

ताराबाई या माणसाकडे १९२३ साली आल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, अमरावतीच्या वकिलांशी विवाह, तो संसार मोडलेला, पदरी लहान मुलगी, आणि राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयात प्राचार्यपद. त्या काळात एका हिंदी स्त्रीस असे पद मिळणे ही अपूर्वाई होती. पगार, मान, बंगला सर्व काही होते. ते सोडून त्या भावनगरास बालमंदिरात रुजू झाल्या. या निर्णयाचे वजन आमच्यासारख्या पेन्शनराला बरोबर कळते. राजीनाम्याचा मसुदा मनात पुष्कळांनी केलेला असतो. टपालात फार थोडे टाकतात.

पुढची नऊ वर्षे एक गुजराती वकील आणि एक मराठी प्राचार्या यांनी मिळून जे केले त्यास जोड नाही. १९२६ साली ‘नूतन बालशिक्षण संघ’ स्थापन झाला. अध्यापन मंदिर चालले, शिक्षक तयार झाले, ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघू लागली आणि पुढे मराठी व हिंदीतही निघाली. ताराबाईंनी गुजराती अशी आत्मसात केली की त्या भाषेत त्यांनी लिहिले, शिकवले, संपादन केले. माँटेसोरीबाईंची साधने महाग, लाकडी, परदेशी मापाची; ती तशीच न घेता गरब्याचा ताल, बालगीते, लोककथा, नाटक यांना या दोघांनी शिक्षणात जागा दिली. मूळ पद्धतीत परीकथांना फारसे स्थान नव्हते. गिजुभाईंनी कथेस शिक्षणाचे मोठे साधन मानले. यावर कर्मठ अनुयायी नाराज होत असतील; पण ज्या देशात मूल गोष्टीवाचून झोपत नाही तेथे दुसरे काय करावयाचे? २३ जून १९३९ रोजी गिजुभाई वारले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात माँटेसोरीबाई मद्रासला उतरल्या, महायुद्धामुळे येथेच अडकल्या, आणि १९४६ पर्यंत मद्रास, कोडाईकनाल, अहमदाबाद अशा ठिकाणी त्यांनी शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. पाच महिन्यांचे अंतर पडले.

ताराबाई १९३२ साली भावनगर सोडून गेल्या आणि १९३६ मध्ये दादरला ‘शिशुविहार’ सुरू झाले. ते उत्तम चालले. मध्यमवर्गाच्या मुलांना सुंदर शाळा मिळाली. आमच्या मते ताराबाईंचे खरे मोठेपण याच्या पुढे आहे. आपली पद्धत सुखवस्तू मुलांपुरती राहिली आहे हे त्यांना टोचत होते, आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस आल्या. समुद्रकाठचे चिकूच्या बागांचे हे गाव. आचार्य भिसे यांच्यासारखी शिक्षणास वाहिलेली माणसे तेथे आधीपासून होती. त्याच वर्षी याच पट्ट्यात, उंबरगाव-डहाणूकडे, गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. एकाच भूमीवर, एकाच वर्षी, एक बाई वेठ मोडायला उभी होती आणि दुसरी शाळा मांडायला. दोघींचे मार्ग वेगळे, राजकारण वेगळे. पण ज्या झोपड्यांत त्या शिरल्या त्या त्याच होत्या.

ताराबाईंच्या हाताशी या वेळी अनुताई वाघ आल्या. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. बालवयातच वैधव्य, पुढे शिक्षिका. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंची भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली. बोर्डीस केंद्र तर निघाले, परंतु हरिजन वस्तीतील व कष्टकऱ्यांची मुले येईनात. काही भीतीने येईनात, काहींना धाकटे भावंड सांभाळावयाचे असे, काही गुरांमागे जात. यावर कोणताही सरकारी अधिकारी (आम्ही धरून) ‘पालकांत जागृतीचा अभाव’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. या बायकांनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. वस्तीतील कोणाचे तरी अंगण सारवून घ्यावयाचे, तेथेच मुलांना न्हाऊ घालावयाचे, गाणी-गोष्टी करावयाच्या, आणि शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांचीच मोजण्या-जुळवण्याची साधने करावयाची. शिशुविहारातील रंगीत लाकडी ठोकळ्यांचे काम चिंचोक्यांनी तितक्याच चोख रीतीने होते, हे बोर्डीने दाखविले. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून तिचे नाव अंगणवाडी. १९५७ साली हे कार्य डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुलांसाठी एकाच ठिकाणी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ठेवून धाकट्या भावंडामुळे अडणाऱ्या मुलींची सोय केली, आणि गुरे चारणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणावर ‘कुरणशाळा’ नेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी टेकडी सोडली नाही. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचेही निधन झाले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि तिच्या केंद्रांस नाव दिले ‘अंगणवाडी’. शब्द देशभर गेला. योजनेने सहा सेवा ठरविल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, रुग्णालयाकडे पाठवणी, आहार-आरोग्याचे शिक्षण, आणि शाळापूर्व शिक्षण. पाच सेवा तराजूने, सुईने, आकड्यांनी मोजता येतात. सहावी मोजता येत नाही. सरकारी कारभारात जे मोजता येत नाही ते हळूहळू नाहीसे होते, हे आम्ही दोषारोप म्हणून लिहीत नाही. त्या कारभाराचे आम्हीही एक चाक होतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमची नेमणूक वलसाड जिल्ह्यात होती. कामानिमित्त उंबरगाव तालुक्यात वरचेवर जाणे होई. वाचकांस स्मरत असेल की हा तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा त्यातील पुष्कळ गावे गुजरातेत, प्रथम सुरत जिल्ह्यात, आली, आणि १९६४ साली वलसाड जिल्हा झाल्यावर त्यात गेली. सीमेअलीकडील वारली आणि पलीकडील वारली एकमेकांचे सोयरे. एका दुपारी एका पाड्यावरील अंगणवाडीत गेलो. वजनाचे पत्रक पाहिले, साठ्याचे रजिस्टर पाहिले, तेल किती डबे, धान्य किती पोती, मुलांची हजेरी. सर्व जुळले. कार्यकर बहेन शहराकडची होती; तिने मुलांना आमच्यापुढे उभे करून गुजराती बाराखडी म्हणावयास सांगितली. मुले गप्प. पाठीमागे तेडागर उभी होती, तेथलीच वारली बाई. ती हळूच काही बोलली, त्यांच्या बोलीत, आणि सगळी मुले एकदम हसली, आणि एकाने पाखराचे काहीतरी गाणे सुरू केले. आम्ही घड्याळ पाहिले. पुढच्या गावची भेट बाकी होती. शेरा लिहिला: ‘रजिस्टर अद्ययावत आहे. बालकांचे अक्षरज्ञान असमाधानकारक.’ सही केली आणि जीपमध्ये बसलो.

तेथून कोसबाडची टेकडी तासाभराच्या आत होती. अनुताई तेव्हा हयात होत्या. त्या बाजूस आम्ही किती वेळा गेलो असू, बोर्डीच्या किनाऱ्यावर कुटुंबासह सहलीसही गेलो. टेकडीवर एकदाही गेलो नाही. तेथे काय आहे हे ऐकून होतो. ‘दुसऱ्या राज्याची हद्द’ असे काहीसे मनात असावे. ज्या बाईंनी शोधलेल्या शब्दावर आम्ही रोज सही करीत होतो त्यांना पाहण्याची बुद्धी झाली नाही, ही गोष्ट आता पुस्तके वाचताना फार लागते.

तो शेरा किती चुकीचा होता हे जगातील एका दूरच्या प्रयोगाने आम्हांस शिकवले. जमैका बेटावर १९८६-८७ साली किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेली १२९ मुले निवडण्यात आली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, आरोग्य सेविका जाई व आईला मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे ते दाखवी; खेळणी घरगुती वस्तूंचीच. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी, ती मुले कमावती झाल्यावर, पुन्हा पाहणी केली आणि तिचा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला: ज्यांच्याशी खेळले-बोलले गेले होते त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. नुसत्या आहाराचा तसा टिकाऊ परिणाम दिसला नाही. आहार नको असा याचा अर्थ कोणी काढू नये. उपाशी मुलाशी खेळता येत नाही हे बोर्डीच्या बायकांनाही ठाऊक होते, म्हणून तर त्या आधी न्हाऊ-माखू घालीत. पण आमच्या रजिस्टरात ज्याला रकाना नव्हता ते त्या तेडागरने पाठीमागे उभे राहून केले होते, एवढे खरे.

कायद्यानेही या वयाशी मोठी विचित्र वर्तणूक केली आहे. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाची दिशा दाखविली होती. तेथे खालची मर्यादा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणास मूलभूत हक्क मानले. त्यानंतर २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती आली. तिने शिक्षण हा मूलभूत हक्क केला म्हणून टाळ्या पडल्या, पण वय लिहिले ‘सहा ते चौदा’. सहाच्या आतील मूल हक्काच्या खोलीतून बाहेर, ‘राज्य प्रयत्न करील’ या ओसरीवर आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही त्याच्यासाठी सरकारने व्यवस्था ‘करता येईल’ एवढेच. मेंदूची बहुतांश वाढ त्या वयात होते हे तोवर सर्वत्र मान्य झालेले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एक सलग टप्पा मानून चूक काहीशी दुरुस्त केली. परंतु धोरण म्हणजे कायदा नव्हे. गुजरातेत जून २०२३ पासून पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट कडक झाली व प्राथमिक शाळांत ‘बालवाटिका’ आल्या. पालकांनी फार आरडाओरडा केला, वर्ष वाया गेले म्हणून. फिनलंडात मुले सातव्या वर्षी पहिलीत जातात आणि त्या देशाचे काही वाया गेलेले दिसत नाही.

आणि हे सर्व ज्या बायांच्या खांद्यावर आहे त्यांस पगार नाही, ‘मानधन’ आहे. दाहोद जिल्ह्यातून वर गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी कार्यकर व तेडागर यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा अधिकार आहे असा निर्णय दिला. विरुद्ध बाजूस आमचेच खाते होते. निकाल वाचून आनंद झाला, आणि थोडी लाजही वाटली.

आता घरची गोष्ट. आमच्या नातवास तीन वर्षे झाल्यावर एका इंग्रजी शाळेत ‘नर्सरी’साठी नेले. लग्नाची बोलणी करावयास जावे तसे आम्ही सर्व नटून गेलो. बाईंनी एक फूल दाखवून रंग विचारला. नातू म्हणाला, ‘जांभळा.’ बाईंनी आमच्याकडे पाहून सांगितले की याला अजून रंग येत नाहीत. आमच्या सौ. काही बोलू पाहत होत्या. मुलाने डोळ्यांनी दटावले. जागा मिळाली. त्या दिवसापासून घरात सूनबाई त्याच्याशी रंगांपुरते इंग्रजी, खेळापुरते गुजराती आणि झोपेपुरते मराठी बोलू लागल्या. तिला दोष देत नाही. आम्ही स्वतः सुरतेच्या बालमंदिरात गुजरातीत वाढलो आणि आमचे काही बिघडले नाही. मात्र आमच्या त्या वेळच्या बाई मूल जे बोलेल त्यावर हसून त्याचा गुजराती शब्द शेजारी ठेवीत. मुलाचा शब्द काढून घेत नसत. हा फरक लहान नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांची भाषा विझत चालली होती. तरुण पिढी इंग्रजीत गेली, भाषा उरली ती आजी-आजोबांच्या तोंडी. तेव्हा १९८२ साली त्यांनी ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे, ही बालवाडी काढली. तिथे वृद्ध माणसे लहानग्यांशी फक्त माओरीत बोलत, गात, जेवू घालीत. थोड्याच वर्षांत अशी शेकडो घरटी देशभर झाली, आणि पुढे त्यांतून माओरी माध्यमाच्या शाळा निघाल्या. हवाई बेटांनीही १९८४ पासून तोच मार्ग धरला. आम्ही वाचले तेव्हा वाटले, हे तर बोर्डीचेच अंगण. केवळ खडे-शिंपल्यांच्या जागी आजीची भाषा ठेवली आहे.

आपल्या शहरात महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. देशात असे उदाहरण विरळा, आणि सुरतेने त्याचा अभिमान धरावा. मराठी शाळांतील मुले मुख्यतः खानदेशातून आलेल्या कामगार कुटुंबांची आहेत. आपल्या जुन्या घरांतील मुले तेथे फारशी जात नाहीत हे सांगणे न लगे. गणपतीच्या दहा दिवसांत आपण आणि ते एका मांडवाखाली येतो, एरवी वाटा निराळ्या. त्या वस्तीतील अंगणवाडीत मूल घरी अहिराणी बोलते, केंद्रात गुजराती ऐकते आणि सहाव्या वर्षी पुस्तकी मराठीच्या शाळेत जाते. तीन वर्षांत तीन भाषांची उंबरठेबदल. त्याचे शिक्षण कच्चे का राहते याची चर्चा आपण चहाबरोबर करतो.

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्याबरोबर लिंबायतच्या बाजूस अशीच एक अंगणवाडी पाहिली. भाड्याची एक खोली, शेजारी मागांचा आवाज. कार्यकर गुजराती, तेडागर धुळ्याकडची. वीस-बावीस मुले. सुखडी वाटून झाल्यावर कार्यकर बहेन रजिस्टर भरावयास बसल्या. आता ते मोबाइलवर भरावे लागते आणि जाळे मिळत नव्हते, म्हणून त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तेडागर मुलांना घेऊन खाली बसली आणि अहिराणीत कावळा-चिमणीची गोष्ट सांगू लागली. शेणाचे घर, मेणाचे घर. एक उडिया पोरगे होते, त्याला शब्द कळत नसावेत. पण पाऊस आला आणि घर वाहून गेले तेव्हा ते सर्वांत मोठ्याने ओरडले. स्नेह्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही या वेळी घड्याळ पाहिले नाही. गोष्ट संपल्यावर तेडागर बाईंना विचारले की ही गोष्ट कोणी शिकवली. त्या म्हणाल्या, ‘साहेब, शिकवायचं काय त्यात, घरची आहे.’ मग पदर खोचून एका रडणाऱ्या पोरीला कडेवर घेतले आणि तिला घरी पोचवायला त्या पावसात निघून गेल्या.